खंड पडणारच: कास्तकारी सांभाळून मोठेपणी पेटी शिकताना

चाळिशीच्या आसपास पेटी, म्हणजे हार्मोनियम, हाती घेणारे बहुतेक जण उन्हाळ्यात सुरुवात करतात. वावरं रिकामी असतात, सप्त्यातलं भजन कानात असतं, हौस ताजी असते. दोन महिन्यांत सारेगम बसतं, एखाद्या भजनाचं धृपद बोटांत येतं, आणि मृग लागतो. पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी. पेटी खोक्यात जाते ती पोळ्यापर्यंत निघत नाही, काही घरांत दिवाळीपर्यंतही नाही. निघाली की माणूस पुन्हा पहिल्या सा पासून बसतो, आठवडाभरात कंटाळतो, आणि तिसऱ्या वर्षीही तेच पहिलं भजन चालू असतं.

शिकणं मोडतं ते या दरवेळच्या श्रीगणेशामुळे. खंड तर पडणारच, आणि शेतीतला खंड अवचित येत नाही. तो कधी येणार, किती दिवसांचा असणार, हे कास्तकाराला वर्षभर आधी ठाऊक असतं. म्हणून रियाजाची आखणी हंगामाप्रमाणे करावी: रिकाम्या महिन्यांत नवीन शिकायचं, कामाच्या महिन्यांत असलेलं फक्त टिकवायचं, आणि दोन्हींच्या मध्ये परत येण्याची ठरलेली पद्धत ठेवायची. खाली जे आहे ते याच तीन गोष्टींबद्दल आहे.

आधी सा ठरवा, मग बोटं

सा म्हणून पुरुषांनी काळी एक, बायकांनी काळी चार, असं सर्वसाधारण धरून चालावं. सप्तकातल्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या डावीकडून वेगवेगळ्या मोजतात; दोन काळ्यांच्या गटाला डावीकडून लागून असते ती पांढरी एक. आपला गळा आणि गावचं भजनी मंडळ कुठे गातं ते एकदा पाहून घ्यावं, आणि मग किमान वर्षभर सा बदलू नये. शिकवण्या बहुधा पांढरी एकपासून सुरू होतात, कारण सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर सरळ रांगेत येतात. पण त्या पट्टीत गावात सहसा कोणी गात नाही. मोठ्या माणसाकडे वेळ मोजका असतो. जिथे वाजवायचं आहे तिथलीच बोटं पहिल्या दिवसापासून बसवावीत.

काळी एकचा सा धरला तर शुद्ध स्वर असे येतात: सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नी वरच्या सप्तकातली पांढरी एक, आणि वरचा सा वरची काळी एक. बोटं अशी: सा तर्जनी, रे मधलं बोट, ग अंगठा, म तर्जनी, प मधलं बोट, ध अनामिका, नी अंगठा, वरचा सा तर्जनी. अंगठा फक्त दोन पांढऱ्या पट्ट्यांवर पडतो. चढताना रे नंतर आणि ध नंतर अंगठा बाकीच्या बोटांखालून सरकतो. उतरताना नी वर अंगठा असताना अनामिका त्याच्यावरून ओलांडून ध वर येते, आणि ग वर अंगठा असताना मधलं बोट ओलांडून रे वर येतं.

या दोन जागा, रे-ग आणि ध-नी, वहीत लाल पेनाने लिहून ठेवा. आरोह-अवरोह अडखळतो तो इथेच, आणि खंडानंतर सगळ्यात आधी बिघडतं तेही हेच. रोज सुरुवातीला रे ग म ग रे आणि ध नी सां नी ध एवढेच तुकडे दहा-दहा वेळा सावकाश वाजवले तर पूर्ण सप्तक आपोआप सुधारतं.

काळी चारचा सा धरणाऱ्यांसाठी: सा काळी चार, रे काळी पाच, ग वरची पांढरी एक, म वरची काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच, वरचा सा काळी चार. बोटं: मधलं, अनामिका, अंगठा, तर्जनी, मधलं, अंगठा, तर्जनी, मधलं. इथे अंगठा ग आणि ध वर पडतो, म्हणून ओलांडण्याच्या जागा रे-ग आणि प-ध.

पट्ट्या न बघता ओळखायला शिका. दोन काळ्यांचा गट हाताला लागला की डावीकडची काळी एक; तीन काळ्यांच्या गटात डावीकडून तीन, चार, पाच. संध्याकाळी लाइन गेली की लोक पेटी बंद करून उठतात. तसं करू नये, अंधारातली दहा मिनिटं बोटांना फार शिकवून जातात.

भाता

डाव्या हाताकडे कोणी लक्ष देत नाही, आणि आवाज फाटतो तो त्याच्यामुळे. प्रत्येक मात्रेला भाता हापसायचा नसतो. पेटीच्या पोटात हवेचा साठा असतो, तो अर्ध्याहून कमी होऊ द्यायचा नाही एवढंच काम. भाता पूर्ण उघडू नका, थोडा उघडून बोटांनी सावकाश दाबा. एकच सूर धरून साठच्या लयीत, म्हणजे मिनिटाला साठ मात्रा, सोळा मात्रा मोजा. आवाज कुठेही फुगला नाही, कुठेही बसला नाही, तर भाता बरोबर. शिकताना समोरच्या सगळ्या खुंट्या उघडू नका. आतल्या पितळी पात्यांची एकच ओळ उघडली की हवा कमी लागते आणि चूक स्वच्छ ऐकू येते.

रिकामे महिने: नवीन शिकण्याचे

कापसाच्या पट्ट्यात, म्हणजे यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोल्याकडे, कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, होऊन हरभरा-गहू घरात आला की मोकळीक मिळते, ती मृगापर्यंत. धानाच्या पट्ट्यात, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, रोवणी आणि कापणी हे दोन मोठे अडथळे. ज्यांना उन्हाळी धान नाही त्यांना मळणीनंतर बराच वेळ असतो. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगामही दिवाळीनंतर, मंडईपासूनच (गावची जत्रा) सुरू होतो. नाटकाला गेलात तर ऑर्गन वाजवणाऱ्याच्या जवळ बसा. गाणाऱ्याच्या मागे तो किती कमी सूर वाजवतो ते पाहण्यासारखं असतं.

या महिन्यांत रोज पंचवीस मिनिटं पुरतात. पाच मिनिटं भाता आणि लांब सा. सात मिनिटं पलटे: सारेग रेगम गमप, मग सारेगम रेगमप, मग सागरेम नाही तर सारेसाग असे वाकडे पलटे. दहा मिनिटं भजनाची एकच नवी ओळ. उरलेल्या तीन मिनिटांत आधी येत असलेलं काहीतरी मजेने वाजवायचं, कारण बैठक चांगल्या सुरावर संपली तर दुसऱ्या दिवशी पेटीपाशी यावंसं वाटतं.

लय वाढवण्याचा नियम काटेकोर ठेवा. मोबाईलवर तबल्याचं ॲप असतं, एकदा उतरवून घेतल्यावर नेटवर्कशिवाय चालणारं निवडा. साठ मात्रांवर, एका मात्रेला एक सूर. सलग तीनदा बिनचूक गेलं तरच पासष्ट. चौथ्यांदा चुकलं तर परत साठ. शंभरावर पोचलात की पुन्हा साठवर या आणि एका मात्रेला दोन सूर घ्या. भजनी ठेका आठ मात्रांचा, केरवाही आठ, दादरा सहा. पहिलं वर्ष एवढ्यावर निघतं.

नवीन भजन घेताना हावरेपणा नको. उन्हाळ्यात तीन भजनं पूर्ण बसली तर ती पावसाळ्यात टिकतात. दहा अर्धवट बसली तर दिवाळीला एकही उरत नाही. रोज नवा व्हिडिओ पाहून नवीन चाल उचलणाऱ्यांची गाडी अडते ती इथेच.

कामाचे महिने: टिकवण्याचे

मृग ते दसरा आठवड्याला तीन बैठका, प्रत्येकी सात मिनिटांच्या. एक मिनिट भाता आणि सा, दोन मिनिटं आरोह-अवरोह, चार मिनिटं एका जुन्या भजनाचं धृपद. नवीन काही घ्यायचं नाही. ओलांडणारी बोटं आणि भात्याचा मेळ वारंवार हात लागल्याने टिकतो. रविवारी एकदम दोन तास बसून आठवडा भरून निघत नाही, उलट मनगट धरतं.

पेटी खोक्यात, खोकं लोखंडी पलंगाखाली, वर बियाण्याच्या पिशव्या: अशा ठिकाणाहून ती सात मिनिटांसाठी कोणी काढणार नाही. देवघराच्या बाजूला पाटावर, कापडाने झाकलेली, बसलं की हाताशी अशी ठेवा. या एका बदलाने बैठका वाढतात.

फवारणीच्या दिवशी साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन, कपडे बदलून, मगच पेटीला हात लावा. पट्ट्यांवर लागलेलं औषध तिथेच राहतं आणि घरातली लेकरंही त्याच पट्ट्या दाबतात. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटांची पेरं चिरतात. कोमट पाण्यात हात धरून, थोडं खोबरेल लावून पुसून घ्या आणि हलक्या हाताने वाजवा. पेटीची पट्टी जोर मागत नाही, खालपर्यंत अलगद गेली की पुरे. दिवसभर डवऱ्याचं रुमणं धरून हात थरथरत असेल तर पलटे नकोत. त्या दिवशी काळी तीनचा सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा: काळी तीन, चार, पाच, मग वरची एक आणि दोन. हे सा रे ग प ध झाले, भूप रागाचे पाच स्वर. अंगठा ओलांडायची गरज नाही, चुकीचा सूर लागतच नाही, आणि थकलेल्या माणसाला तेवढं बरं वाटतं.

पेटी जवळ नसतानाही बरंच होतं. भजनाचं सारेगम तोंडी म्हणणं, मांडीवर तीच बोटं चालवणं, आठ मात्रा हातावर मोजत सम (पहिली मात्रा) नेमकी पकडणं: बांधावर जेवण झाल्यावर, बाजाराच्या एसटीत, कुठेही. फक्त रात्री ओलिताला गेल्यावर कानात इयरफोन घालू नका. साप आणि रानडुक्कर दोन्ही आधी ऐकू येतात, मग दिसतात.

वही, आणि खंडाच्या आदल्या दिवशीचा व्हिडिओ

प्रत्येक बैठकीनंतर वहीत तीन ओळी: काय वाजवलं आणि किती लयीत, कुठे अडलं, उद्या कुठून सुरू करायचं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. दोन महिन्यांनी वही उघडली की काय करू हा प्रश्नच पडू नये. "रियाज केला, बरा झाला" असं लिहिण्याचा उपयोग नाही. "दुसरा अंतरा, तिसरी ओळ, ७० लय, ध-नी ला अंगठा उशिरा पडतो, उद्या हीच ओळ ६० वर" असं हवं.

पेरणीच्या आधी एक दिवस काढून येणारी तीनही भजनं मोबाईलवर चित्रित करा. मोबाईल वरून धरायला कुणाला तरी सांगा, पट्ट्या आणि उजवा हात पूर्ण दिसला पाहिजे. चाल कानाला आठवते, कोणतं बोट कुठे होतं ते आठवत नाही. स्वतःचाच हात पाहिला की ते झटकन परत येतं.

परत येताना

खंड तीन आठवड्यांपेक्षा मोठा असेल तर पाच बैठकांची ही पायरी धरा.

पहिल्या बैठकीत भजन नाही. लांब सा, भाता, मग साठच्या लयीत आरोह-अवरोह. पंधरा मिनिटांत उठा, हात कितीही चांगला चालत असला तरी. पहिल्याच दिवशी तासभर वाजवणाऱ्याचा डावा खांदा दुसऱ्या दिवशी भरून येतो, आणि तो दुसरा खंड ठरतो.

दुसऱ्या बैठकीत लाल पेनाच्या दोन जागा आणि वहीत शेवटी लिहिलेला पलटा, तेव्हाच्या लयीच्या पाऊण लयीत. ऐंशीवर सोडला असेल तर साठवर.

तिसऱ्या बैठकीत जुनं भजन, वही न उघडता. अडेल तिथे थांबू नका, पेन्सिलने कागदावर खूण करा आणि पुढे जा. शेवटी खुणा मोजा. बहुतेकांना वाटतं सगळं गेलं. प्रत्यक्षात एका भजनात तीन-चार जागाच गेलेल्या असतात.

चौथ्या बैठकीत फक्त त्या जागा, खंडाच्या आधी काढलेला व्हिडिओ समोर ठेवून. पाचव्या बैठकीत तेच भजन ठेक्यासोबत सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि ते गेलं की त्याच दिवशी वहीतली "उद्या" ची ओळ उघडायची. नवीन ओळीचे चारच सूर घेतले तरी चालतील, पण घ्या. यामुळे परत येणं आणि पुढे जाणं एकाच आठवड्यात होतं.

अख्खा खरीप गेला असेल तर प्रत्येक पायरी दोन दिवस करा. खंड दहा-पंधरा दिवसांचाच असेल तर दुसरी आणि तिसरी पायरी एकाच दिवशी पुरते.

गावात काकडा होत असेल तर याच्याइतका चांगला मुहूर्त नाही. कोजागरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे, तीच भजनं, त्याच चालीत, महिनाभर. सोयाबीन निघालेलं असतं, वेचणी दिवस उजाडल्यावर असते. पाच पायऱ्या कोजागरीच्या आधीच्या आठवड्यात उरका आणि काकड्याला पेटीवाल्याच्या शेजारी बसा. श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना जिथे रोज होते, तिथेही हाच फायदा: वेळ ठरलेली, चाली ठरलेल्या.

मंडळात वाजवताना एक अडचण नक्की येते. तुकडोजी महाराजांच्या भूमीत खंजिरी दणक्यात वाजते आणि भजन रंगलं की लय चढत जाते. घरी ऐंशीवर वाजवलेलं तिथे शंभराच्या पुढे पळतं आणि नवखा माणूस हात उचलून घेतो. हात उचलू नका. मधले सूर सोडून द्या, फक्त समेचा सूर धरा; ओळ संपताना सा वर या. ऐकणाऱ्याला खटकत नाही आणि तुम्ही भजनात राहता. पहिल्या काही वेळा धृपदच वाजवा, अंतऱ्याला सा-प धरून ठेवा. आणि सुरू होण्याआधी गाणाऱ्याला सांगा, मी काळी एकमध्ये वाजवतो. त्याने पांढरी दोन मागितली तर त्या भजनापुरती पेटी जाणत्याच्या हाती द्या.

एक गोष्ट मनाला लावून घेऊ नये: गळ्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर ओढत जाणं, पेटीतून निघत नाही म्हणजे तुमचा हात कमी पडतो असं नाही. दोन पट्ट्यांच्या मधला सूर या वाद्यात नाहीच. याच कारणाने आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. गायक ओढतो तिथे आधीच्या सुराचा हलका कण देऊन मुख्य सुरावर थांबावं.

पावसाळ्यात पेटीचं काय होतं

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगतं, शेजारच्या पट्ट्या एकमेकींना घासतात आणि दाबलेली पट्टी वर येत नाही. मग सूर सोडल्यावरही वाजत राहतो. अशी पेटी उन्हात ठेवू नका, लाकूड तडकतं आणि जोडांना लावलेला सरस सुटतो. भिंतीपासून हातभर लांब, कोरड्या खोलीत, झाकण उघडं ठेवून पंख्याखाली दिवसभर ठेवा. बहुतेक वेळा पट्टी मोकळी होते. एखादा सूर अजिबात निघत नसेल तर त्याच्या पितळी पातीत कण अडकलेला असतो. भाता भरून ती पट्टी दहा-वीस वेळा झटपट दाबून सोडा. नाही निघाला तर कारागिराकडे न्या. पाती घासू नका, कणभर पितळ गेलं तरी सूर चढतो किंवा उतरतो.

हवा गळते का ते असं पाहा: सगळ्या खुंट्या बंद, कोणतीही पट्टी दाबलेली नाही, भाता भरा आणि सोडा. साठा सावकाश उतरला पाहिजे. दोन-तीन सेकंदांत बसला तर कातडं किंवा सांधा गेला आहे. जुनी पेटी विकत घेतानाही आधी हेच तपासा, पॉलिश नंतर.

टिनाच्या खोलीत पेटी ठेवू नये. मे महिन्यात तिथे सरस टिकत नाही. कापूस भरलेल्या खोलीत तर मुळीच नको, कारण कापसात उंदीर येतात आणि भात्याचं कातडं त्यांना आवडतं. डांबराच्या गोळ्या कापडात बांधून खोक्याच्या कोपऱ्यात ठेवा, पट्ट्यांवर नको. दुरुस्तीचं काम मृगाच्या आधी उरका.

दोन-तीन वर्षं अशी गेल्यावर परीक्षा द्यावीशी वाटली तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा हार्मोनियमसाठीही असतात, पहिली पायरी प्रारंभिक, पुढे प्रवेशिका प्रथम. त्या वर्षातून दोनदा होतात. नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र वेचणीत सापडतं, एप्रिल-मेचं धरा. फॉर्म मात्र बराच आधी भरावा लागतो, तेव्हा जवळच्या केंद्रावर चौकशी दिवाळीनंतर लगेच करून ठेवा.